भाच्याचा सल्ला आणि रिंगरोडचे चोवीस लाख

वाचकाचं पत्र:

नमस्कार. भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे. चार व्हीएमसी (संगणकावर चालणारी, धातू कोरणारी मशिनं), दोन सीएनसी लेथ, अकरा कामगार. बहुतेक काम गाड्यांच्या सुट्या भागांचं. गावाकडची जमीन रिंगरोडमध्ये गेली. तिच्या मोबदल्यातला माझा वाटा, २४ लाख रुपये, खात्यात पडून आहे. माझा भाचा नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनजवळ, चिप बनवण्याच्या मशिनांना भाग पुरवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. तो म्हणतो, "मामा, एआयमध्ये कोणीही जिंको, चिप लागणारच. आणि चिप कोणीही बनवो, मशीन याच चार-पाच कंपन्यांचं लागणार. सगळे पैसे एएसएमएल, अप्लाइड मटेरियल्स, लॅम रिसर्चमध्ये टाका आणि दहा वर्षं विसरून जा." मला पटतं. मशीन म्हणजे काय ते मला कळतं. पण वडिलांच्या जमिनीचे पैसे आहेत, हात धजावत नाही. मुलगी अकरावीत आहे. एका व्हीएमसीचं कर्ज चालू आहे, शिवाय बँकेची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, आहे. टाकू का? की आपल्याकडच्या सेमीकंडक्टर कंपन्या बघू?
– एक वाचक, भोसरी

नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. भाचा मशिनांबद्दल जे सांगतो ते खरं आहे. तो मामाला फसवत नाही, आणि स्वतःच्या कामाचा अभिमान त्याच्या बोलण्यात दिसतो. म्हणून आधी त्याचीच बाजू मांडते.

तुमच्याकडे दहा मायक्रॉन इकडचे तिकडे झाले की जॉब रिजेक्ट होतो. वेल्डहोवनच्या एएसएमएलचं ईयूव्ही, म्हणजे एक्स्ट्रीम अल्ट्राव्हायोलेट, मशीन सिलिकॉनच्या चकतीवर नक्षी उमटवतं ते १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशानं. एका मायक्रॉनमध्ये हजार नॅनोमीटर असतात, यावरून अंदाज करा. हा प्रकाश कुठल्या दिव्यातून मिळत नाही. निर्वात पोकळीत वितळलेल्या कथिलाचे थेंब सेकंदाला ५०,००० या गतीनं सोडतात, उडत्या थेंबावर लेझर मारतात, आणि त्यातून होणाऱ्या प्लाझ्मातून हा प्रकाश निघतो. काच हा प्रकाश शोषून घेते, म्हणून भिंगं उपयोगाची नाहीत, सगळं काम आरशांवर. लेझर जर्मनीच्या ट्रुम्फचा, आरसे जर्मनीच्याच त्साइसचे. त्यातला आरसा जर्मनी देशाएवढा मोठा केला, तरी त्याच्यावरचा सर्वांत मोठा उंचवटा मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून कमी भरेल. असं मशीन जगात दुसरं कोणीही बनवत नाही. निकॉन आणि कॅनन एकेकाळी या धंद्यात मोठे होते, पण ईयूव्हीपर्यंत पोचले नाहीत. सर्वांत नव्या पिढीच्या एका मशिनाची किंमत ३५ कोटी युरोंच्या आसपास आहे.

बाकीच्यांचंही तसंच. चकतीवर पातळ थर चढवणं आणि नको तो भाग कोरून काढणं, यात अप्लाइड मटेरियल्स, लॅम रिसर्च आणि जपानची टोकियो इलेक्ट्रॉन. दोष शोधण्यात केएलए, म्हणजे तुमच्या भाषेत क्वालिटीवाले. चकती घासून पातळ करणं आणि कापणं डिस्कोकडे, चिप तपासणं अॅडव्हान्टेस्टकडे. एआयच्या चिपशेजारी जी मेमरी बसते, ती एकावर एक थर रचून, आरपार भोकं पाडून जोडलेली असते. ती भोकं कोरायलाही हीच मशिनं. या कंपन्यांनी तीस-चाळीस वर्षं एकाच कामाचा ध्यास घेतला आहे. नुसता पैसा ओतून पाच वर्षांत तिथे कोणी पोचत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तर धंदा मजबूत आहे. माझी हरकत भाच्याच्या एकाच वाक्याला आहे: "कोणीही जिंको."

२०२४ च्या ऑक्टोबरमधला एक आठवडा सांगते. १५ तारखेला एएसएमएलचे तिमाही आकडे चुकून एक दिवस आधीच संकेतस्थळावर चढले. नव्या ऑर्डरी २.६ अब्ज युरोंच्या निघाल्या. बाजाराची अपेक्षा याच्या दुपटीच्या घरात होती. शेअर एका दिवसात सुमारे १६ टक्के कोसळला. दोनच दिवसांनी, १७ तारखेला, तैवानच्या टीएसएमसीचे आकडे आले. एनव्हिडियाच्या एआय चिप प्रत्यक्ष बनवते ती हीच कंपनी. तिचा नफा वर्षभरात ५४ टक्के वाढला होता आणि तिचा शेअर उसळला. एकाच आठवड्यात चिप बनवणाऱ्याकडे दिवाळी, आणि त्याला मशीन विकणाऱ्याकडे सुतक. एआयची मागणी तर दोघांसाठी तीच होती.

असं का झालं? कारण एकजण फारच ठळकपणे जिंकत होता. प्रगत चिप बनवणारे जगात तिघेच: टीएसएमसी, सॅमसंग आणि इंटेल. तिघं बरोबरीनं धावत असले की तिघंही मशिनं घेतात. मागे राहण्याच्या भीतीनं जरा जास्तच घेतात. एक पुढे निघून गेला, की मागचे दोघं कारखान्यांची कामं पुढे ढकलतात, आणि पुढचा आपल्या असलेल्या मशिनांतून जास्तीत जास्त काम काढतो. चिपा तेवढ्याच बनतात, मशिनं मात्र कमी खपतात. मशीन विकणाऱ्याला कोणीतरी जिंकलेलं परवडत नाही, त्याला शर्यत चालू राहिलेली हवी असते.

याच्याही मुळाशी एक हिशेब आहे. तो तुम्ही आयुष्यभर केलात, फक्त टेबलाच्या या बाजूनं. समजा तुमच्याकडे दहा मशिनं आहेत आणि दर वर्षी एक मोडीत निघतं. काम दहा टक्के वाढलं, तर मोडीतल्याच्या जागी एक आणि वाढलेल्या कामासाठी एक, अशी दोन मशिनं घ्याल. पुढच्या वर्षी काम आहे तेवढंच राहिलं, तर एकच घ्याल. तुमचा धंदा एक रुपयानंही कमी झालेला नाही, फक्त वाढायचा थांबला. पण तुम्हाला मशीन विकणाऱ्याची विक्री निम्मी झाली. आणि काम दहा टक्के घटलं, तर त्या वर्षी तो तुमच्या दारात चहा पिऊन रिकाम्या हातानं परत जातो. २०१९-२० मध्ये गाड्यांचा धंदा बसला, तेव्हा भोसरीत आणि चाकणमध्ये तुम्ही हे पाहिलंच असेल. जॉब वर्क कमी झालं, पण मशीन विकणाऱ्यांचे फोन वाजायचेच बंद झाले.

आता हे साखळीवर बसवून पाहा. एआयला पैसा देणारे मुख्यतः मायक्रोसॉफ्ट, अॅमेझॉन, गूगल आणि मेटा. या चौघांनी २०२४ मध्ये मिळून दोनशे अब्ज डॉलरहून जास्त भांडवली खर्च केला. त्या पैशातून डेटा सेंटर उभी राहतात, डेटा सेंटरात एनव्हिडियाची चिप जाते, चिप टीएसएमसीकडे बनते, मेमरी एसके हायनिक्स, सॅमसंग आणि मायक्रॉनकडे (हे कंपनीचं नाव, तुमच्या मोजमापातलं नव्हे), आणि या सगळ्यांच्या मागे मशीनवाले. शेवटच्या ग्राहकापासून तुम्ही चार घरं लांब आहात. पहिल्या घरानं खर्च कमी केला पाहिजे असंही नाही. वाढीचा वेग थोडा कमी केला, तरी चौथ्या घरात त्याचा धक्का कितीतरी मोठा होऊन पोचतो.

ही नुसती कल्पना नाही. चॅटजीपीटी लोकांसमोर आलं ३० नोव्हेंबर २०२२ रोजी. त्यानंतर सगळं जग एआयच्या मागे धावत होतं. नेमक्या त्याच काळात फोन आणि कॉम्प्युटरची मागणी बसल्यामुळे मेमरीवाल्यांचं दिवाळं निघायची वेळ आली. मायक्रॉननं २०२३ च्या आर्थिक वर्षात ५.८ अब्ज डॉलरचा तोटा दाखवला. त्यांनी मशिनं घेणं थांबवलं, आणि लॅम रिसर्चची वार्षिक विक्री १७.४ अब्ज डॉलरवरून १४.९ अब्जांवर आली. एआयच्या ऐन भरतीत.

इथे एक विचित्र गोष्ट आहे, आणि ती नीट ध्यानात घ्या, कारण भले भले इथे चुकतात. विक्री घटलेल्या त्याच वर्षात, म्हणजे जून २०२३ ते जून २०२४ दरम्यान, लॅमचा शेअर दीडपटीहून वर गेला. याच्या उलट २०२२ चं एएसएमएल पाहा. त्या वर्षी विक्री १८.६ अब्ज युरोंवरून २१.२ अब्जांवर गेली, आणि शेअर आधीच्या वर्षाच्या उच्चांकापासून निम्म्याहूनही खाली आला. धंदा वाढला, भाव पडला. धंदा घटला, भाव चढला. बाजार आजच्या विक्रीचा भाव लावत नाही, पुढच्या दोन वर्षांच्या अपेक्षेचा लावतो. त्यामुळे "मागणी जोरात आहे" ही बातमी तुम्ही-मी ऐकतो तोवर तिची किंमत भावात जमा झालेली असते. मशीन उत्तम आहे हे तुम्हाला कळतं, यात शंका नाही. पण ते मशीन ज्या भावाला मिळतंय तो भाव योग्य आहे का, हा प्रश्न वेगळा. आपल्याकडच्या लिलावात उत्तम व्हीएमसी दीडपट बोली लावून कोणी घेतलं, तर त्याला तुम्ही शहाणा म्हणाल का?

"दहा वर्षं विसरून जा" यावरही थोडं थांबते. २००० साली मी फोर्टमध्ये एका दलालाच्या कार्यालयात नोकरीला लागले होते. तेव्हा इंटरनेटबद्दल जे बोललं जायचं, त्यातलं बहुतेक पुढे खरं ठरलं. आज तुम्ही फोनवरून बँक चालवता. पण तेव्हा इंटरनेटची यंत्रसामग्री विकणारी सिस्को ही काही काळ जगातली सर्वांत मौल्यवान कंपनी होती, आणि त्या वेळच्या उच्च भावाला पुन्हा पोचायला तिला पंचवीस वर्षांहून अधिक काळ लागला. कंपनी बुडाली नाही, २००१ चं आर्थिक वर्ष सोडलं तर दर वर्षी नफा कमावत राहिली. आणि तुमच्या यादीतल्या अप्लाइड मटेरियल्सची विक्री २००० मध्ये साडेनऊ अब्ज डॉलर होती, २००३ मध्ये साडेचार अब्ज. तीन वर्षांत निम्म्याहून कमी. त्या पडझडीत पैसे काढून घेणारी माणसं मूर्ख नव्हती. कोणाच्या घरी लग्न होतं, कोणाचं दुकान अडचणीत होतं. त्यांना पैसे लागले तेव्हा भाव नव्हता, एवढंच. मी त्यांचे विक्रीचे कागद भरलेत, म्हणून हे पोटतिडकीनं लिहिते.

एआयचा आणखी एक गैरसमज चीनमुळे होतो. ७ ऑक्टोबर २०२२ रोजी अमेरिकेनं चीनला प्रगत मशिनं विकण्यावर कडक बंधनं घातली. पुढे नेदरलँड्स आणि जपाननंही आपापले नियम केले. पुढे आणखी दारं बंद होतील या धास्तीनं चिनी कारखान्यांनी मिळतील ती मशिनं घेऊन ठेवली. २०२४ च्या सुरुवातीच्या तिमाहींत अप्लाइड, लॅम आणि एएसएमएल या तिघांच्याही विक्रीत चीनचा वाटा चाळीस टक्क्यांच्या पुढे गेला होता. ती बरीचशी जुन्या धाटणीची मशिनं, गाड्या आणि घरगुती उपकरणांच्या चिपांसाठीची. एआयशी त्यांचा संबंध थोडा. म्हणजे "एआयचा शेअर" म्हणून लोक जे विकत घेत होते, त्यातला मोठा हिस्सा साठेबाजीचा होता, आणि तो वॉशिंग्टनमधल्या एका आदेशानं आटू शकतो. शिवाय चीन स्वतःची मशिनं बनवायला जिवाचं रान करतो आहे. कोरण्याच्या आणि थर चढवण्याच्या कामात त्यांच्या कंपन्या पुढे सरकताहेत. ईयूव्हीत हे सोपं नाही, पण लॅम आणि अप्लाइडच्या रोजच्या कामात ती खरी स्पर्धा आहे.

आता भाच्याबद्दल, जरा गंभीरपणे. तो ज्या कंपनीत आहे, तिथे पुढच्या सहा महिन्यांत किती भाग पाठवायचे आहेत हे त्याला माहीत असू शकतं. त्यानं मामावरच्या प्रेमापोटी फोनवर सांगितलं, "ऑर्डरी वाढल्यात, लवकर घ्या", आणि तुम्ही घेतले, तर युरोपच्या कायद्यानुसार तो आतल्या माहितीवरून केलेला व्यवहार ठरू शकतो. सांगणाराही दोषी, घेणाराही. त्याची नोकरी जाईल, कदाचित त्याहून वाईट. म्हणून त्याला ऑर्डरी विचारू नका, "आता घेऊ का?" असंही विचारू नका. मशीन कसं चालतं, कुठला भाग बनवायला सर्वांत अवघड, कुठल्या कंपनीचं काम तो मनापासून मानतो, हे खुशाल विचारा. आणि त्यालाही एक सांगा: पगार याच उद्योगातून, कंपनीनं शेअर दिले असतील तर तेही यातलेच, आणि आता मामाचे पैसेही यातच. एका फांदीवर सगळं घरटं बांधायचं नसतं.

तेच तुम्हालाही लागू आहे. तुम्ही स्वतः लाटेच्या धंद्यात आहात. गाड्यांचा धंदा बसला की तुमची मशिनं थांबतात. जगभर मंदी आली तर तुमचं वर्कशॉप आणि हे शेअर, दोन्ही एकाच वेळी खाली येण्याची शक्यता मोठी. नेमकं तेव्हाच तुम्हाला पगाराला पैसे लागतील.

म्हणून २४ लाख मी असे वाटीन. अकरा माणसांचे तीन महिन्यांचे पगार आणि कर्जाचे हप्ते, हे आठएक लाख धरू. ते शेअरमध्ये तर नकोच, एफडीतही नकोत. सीसी खात्यात भरा. तुम्ही सीसीवर जे व्याज देता ते एफडीच्या व्याजाहून जास्त असतं, ते वाचेल, आणि लागतील तेव्हा उचलता येतील. फक्त वर्षभर लिमिट न वापरलेली दिसली तर नूतनीकरणाच्या वेळी बँक ती कमी करायला बघते. म्हणून मधून मधून उलाढाल चालू ठेवा. मुलीच्या शिक्षणाचे सात लाख वेगळे, तिच्या नावाच्या एफडीत, दोन आणि तीन वर्षांच्या मुदतीनं. दोन वर्षांनी लागणारा पैसा चिपवाल्यांच्या लाटेवर सोडायचा नाही, यावर मी तडजोड करणार नाही.

उरले नऊ. त्यातले तीन लाख, फार तर साडेतीन, या उद्योगात जाऊ देत. तेही एकदम नाही. दर तीन महिन्यांनी पन्नास हजार, दीड वर्षभर. या उद्योगात दीड वर्षात एखादी तरी जोराची घसरण बहुधा होतेच, आणि ती आली की थांबू नका, तो हप्ता ठरल्याप्रमाणे भरा. २४ लाखांतले तीन लाख निम्मे झाले तर तुमची झोप उडणार नाही. बारा लाख निम्मे झाले तर उडेल, आणि झोप उडालेला माणूस तळाला विकतो.

घ्यायचं कसं? अमेरिकेत यासाठी ईटीएफ, म्हणजे शेअरसारखे बाजारात विकत मिळणारे फंड, आहेत. त्यांत सर्वांत मोठ्यांपैकी एकात पंचवीस कंपन्या असतात. पण तो उघडून पाहाल तर एकट्या एनव्हिडियाचा वाटा पाचव्या भागाच्या आसपास राहिलेला दिसेल, त्याखालोखाल टीएसएमसी. मशीनवाल्यांचा हिस्सा तुलनेनं लहान. तुमचा ओढा मशिनांकडे असेल तर निम्मे ईटीएफमध्ये आणि निम्मे मशीनवाल्यांपैकी दोघांत, असं करता येईल. कोणते दोन, ते मी सांगणार नाही. पण निवडताना काय पाहायचं ते सांगते, आणि यात तुमचं कसब कामी येईल. कंपनीच्या वार्षिक अहवालात आधी विकलेल्या मशिनांच्या देखभालीची, सुट्या भागांची आणि अपग्रेडची कमाई वेगळी दाखवलेली असते. एएसएमएलची ती २०२४ मध्ये २८.३ अब्ज युरोंपैकी साडेसहा अब्ज होती. लॅमची मंदीच्या त्या वर्षात एकूण विक्रीच्या सुमारे ४० टक्के. नवं मशीन घेणं ग्राहक पुढे ढकलतो, चालू मशीनचं सर्व्हिसिंग ढकलत नाही. तुम्ही तरी स्पिंडल वाजायला लागल्यावर किती दिवस थांबता? हा आकडा दर वर्षी वाढतोय का, चीनवरचा भार किती, आणि पहिल्या दोन-तीन ग्राहकांकडून किती टक्के विक्री येते, एवढं वाचा. अहवाल इंग्रजीत असतो, पण मुलगी अकरावीत आहे. दोघं मिळून एका रविवारी बसा, तिलाही कळेल आतेभाऊ काय काम करतो ते.

कागदपत्रांचं भराभर सांगते. परदेशी शेअरसाठी बँकेतून पैसे पाठवावे लागतात. व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. वर्षात १० लाख रुपयांपुढच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापला जातो, तुम्ही त्याच्या आत आहात. शेअर २४ महिन्यांनंतर विकले तर नफ्यावर साडेबारा टक्के कर, आधी विकले तर तुमच्या उत्पन्नाच्या दरानं. अमेरिकी कंपनीच्या लाभांशातून तिथे २५ टक्के आधीच कापले जातात, त्याची वजावट इथे मागता येते. आणि सर्वांत महत्त्वाचं: विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरायचा, तोही जानेवारी ते डिसेंबर या वर्षाप्रमाणे. लाखभराचा शेअर असला तरी भरायचा. तुमच्या सीएला गुंतवणूक करण्याआधीच सांगून ठेवा, आणि जमिनीच्या मोबदल्यावर कर लागतो की नाही हेही त्यांच्याकडून याच भेटीत लेखी घ्या.

आपल्याकडे म्युच्युअल फंडांचा सोपा मार्ग आहे, पण २०२२ पासून परदेशी गुंतवणुकीची उद्योगभराची मर्यादा भरत आल्यामुळे असे फंड कधी नवे पैसे घेतात, कधी बंद करतात. बाजारात मिळणारे काही परदेशी ईटीएफ यामुळेच त्यांच्या आतल्या शेअरांच्या किमतीपेक्षा बऱ्याच चढ्या भावानं विकले जातात. घेण्याआधी त्या दिवशीची एनएव्ही (आतल्या शेअरांच्या किमतीनुसार एका युनिटचं मूल्य) आणि बाजारभाव शेजारी ठेवून पाहा.

भारतीय "सेमीकंडक्टर शेअर"बद्दल मात्र सावध करते. वर सांगितलेल्या कंपन्यांच्या तोडीची मशीन बनवणारी एकही कंपनी आपल्या बाजारात नाही. धोलेऱ्याचा ९१,००० कोटींचा कारखाना उभारणारी टाटा इलेक्ट्रॉनिक्स बाजारात नोंदलेली नाही. साणंदमध्ये चिपचं पॅकेजिंग करणाऱ्या सीजी पॉवर आणि केन्स नोंदलेल्या आहेत, पण सीजीचा मुख्य धंदा मोटरी आणि ट्रान्सफॉर्मरचा, केन्सचा इलेक्ट्रॉनिक जोडणीचा. ते धंदे म्हणून तुम्हाला आवडत असतील तर जरूर पाहा, पण चिपच्या नावानं नको. वेदान्त आणि फॉक्सकॉन यांचा तळेगावचा चिप प्रकल्प सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातला गेला तेव्हा आपण सगळे हळहळलो, आणि जुलै २०२३ मध्ये त्या दोघांची भागीदारीच मोडली. घोषणा आणि कारखाना यांच्यामध्ये बरीच वर्षं असतात. आणि नुसत्या नावावर जाऊ नका. नाव बदलून त्यात सेमीकंडक्टर घातलेल्या एका छोट्या कंपनीचा शेअर वीस रुपयांच्या आसपासवरून दीड-पावणेदोन वर्षांत अकरा हजारांच्या घरात गेला. त्या कंपनीनं स्वतःच बाजाराला कळवलं होतं की आम्ही अजून सेमीकंडक्टरचं उत्पादन सुरू केलेलं नाही. असा मेसेज तुमच्या व्हॉट्सअॅपवर आला असेल तर पुसून टाका.

राहिले सहा लाख. नेहमीचं उत्तर म्हणजे निफ्टीचा इंडेक्स फंड, आणि तो वाईट नाही. पण तुमचं पत्र वाचताना माझ्या मनात दुसरंच येत होतं. लॅम रिसर्चनं २०२५ मध्ये कर्नाटकात १०,००० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीची घोषणा केली. अप्लाइड मटेरियल्स बेंगळुरूमध्ये अभियांत्रिकी केंद्र उभारते आहे. या मशिनांत हजारो भाग असतात, आणि त्यातले सगळे काही कथिलाचे थेंब उडवणारे नसतात. अॅल्युमिनियमचे निर्वात कक्ष, फ्लँज, ब्रॅकेट, वायूच्या नळ्यांचे ब्लॉक असतात. ते व्हीएमसीवरच बनतात. अडचण मशिनिंगची कमी आणि बाकीची जास्त असते: भाग किती स्वच्छ धुतला, कुठल्या पिशवीत भरला, धातू कुठल्या वितळणातला याचा कागद आहे का, गळती तपासली का, शंभरावा भाग पहिल्यासारखाच आहे का. मंजुरी मिळायला वर्ष-दोन वर्षं जातात, आणि इथेही लाट येतेच. पण जगभरची मंदी सोडली, तर गाड्यांच्या कामापेक्षा ही लाट बहुधा वेगळ्या वेळी येते, आणि तिथे तुम्ही मालक असता.

तुमच्याकडे सीएमएम, म्हणजे भागांची मापं तपासणारं मशीन, नाही असं दिसतं, तुम्ही यादीत लिहिलेलं नाही. ते सहा लाख वर्षभर लिक्विड फंडात ठेवा आणि तेवढ्या वेळात वापरलेल्या सीएमएमचा भाव, एअर-कंडिशन्ड खोलीचा खर्च आणि धुलाईची व्यवस्था यांची चौकशी करा. सप्टेंबरच्या सुमारास भरणारं सेमीकॉन इंडिया प्रदर्शन एकदा पाहून या, मोठ्या मशीनवाल्यांचे खरेदी अधिकारी तिथे भेटतात. आणि पुढच्या रविवारी भाच्याचा फोन येईल तेव्हा त्याला कोणाचं ड्रॉइंग मागू नका. एवढंच विचारा, की माझ्यासारख्या माणसाचा भाग तुमच्या दारातून परत का पाठवला जाईल. तो जे सांगेल ते लिहून काढा आणि मला कळवा.